धाव

घर बांधायला काढलं की पाया खणण्याआधी गवंडी जमिनीवर फक्की मारतो. दोरी ताणायची, मुठीतून पांढरी भुकटी सोडत जायचं आणि बघता बघता मोकळ्या जागेवर स्वयंपाकघर, बैठकीची खोली, देवघर उमटतं. त्या वेळी तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या तोंडून एकच वाक्य निघतं : एवढीशीच खोली? भिंती नसलेली खोली नेहमी लहान दिसते. वर आभाळ असलं की दहा बाय बाराची चौकट काड्यापेटीएवढी वाटते. गवंड्याला हे ठाऊक असतं. भिंती चढू द्या, मग बघा, असं म्हणून तो पुढच्या खोलीची दोरी ताणतो.

कायमचं रस्त्यावर राहायला निघणारी माणसंही गाडी घेण्याआधी असंच काहीतरी करतात. जर्मनीत असोत की अमेरिकेत, राहत्या घराच्या फरशीवर चिकटपट्टीनं किंवा खडूनं एक आयत आखतात. साधारण साडेतीन मीटर लांब, पावणेदोन मीटर रुंद. त्यात आडवं होऊन बघतात. जोडीदाराला शेजारी झोपायला सांगतात. एकानं कुशी बदलली तर दुसऱ्याचा कोपर रेषेबाहेर जातो का, चहाचं आधण ठेवायला उठायचं तर कुणाला ओलांडावं लागेल, पावसाळी चपला कुठं काढायच्या, हे सगळं त्या आयतात जगून पाहतात. इथं मात्र गवंड्याचा दिलासा कामाला येत नाही. पत्रा उन्हात तापतो आणि थंडीत आतून घाम सोडतो, म्हणून त्याला आतून अस्तर लावावं लागतं. अस्तरावर फळ्या, फळ्यांवर कपाटं. भिंती चढतात तसतशी जागा आणखी आवळत जाते.

युरोपातल्या घरगाड्या फार मोठ्या प्रमाणावर फियाट ड्युकाटोच्या सांगाड्यावर बांधल्या जातात, आणि त्यामागं एक साधं कारण या आयतातच सापडतं. ड्युकाटोची आतली रुंदी सर्वांत रुंद जागी १.८७ मीटर भरते. बेताच्या उंचीचा माणूस तिच्यात आडवा, म्हणजे गाडीच्या रुंदीत झोपू शकतो. मर्सिडीजची स्प्रिंटर आत सुमारे दहा सेंटिमीटरनं अरुंद आहे. तेवढ्या फरकानं पलंग लांबीत टाकावा लागतो, आणि पलंग लांबीत गेला की स्वयंपाकाच्या जागेचा पाऊण मीटर तरी जातो. शिवाय ड्युकाटोची पुढची चाकं ओढतात, मागच्या चाकांपर्यंत जाणारा फिरता दांडा नसतो, म्हणून तिची जमीन खाली बसते आणि बाहेरून गाडी फार उंच न होता आत ताठ उभं राहता येतं. उलट चिखलाच्या चढावर, मागं घरभर सामान लादलेलं असताना, ओढणारी चाकं नेमकी हलकी पडतात. दहा सेंटिमीटरचा आणि ओढीच्या दिशेचा हा हिशेब माणसं महिनोन् महिने करतात. मुलीचं स्थळ बघतानाही घराणी कधी इतक्या बारकाईनं बघितली जात नसतील.

ताठ उभं राहण्याची ही ओढ मोठी विलक्षण आहे. गाडी निवडताना पहिल्याच दिवशी हा प्रश्न येतो, आणि पुष्कळांची निवड तिथंच ठरून जाते. पण उंचीची किंमत दूर कुठंतरी, बंदरावर मोजावी लागते. पृथ्वीला गाडीनं वळसा घालू म्हणणाऱ्याला समुद्र आडवा येतोच. पनामा आणि कोलंबिया यांच्यामध्ये तर शंभरेक किलोमीटरचा असा दलदलीचा आणि जंगलाचा पट्टा आहे, जिथं आजही रस्ता नाही. गाडी तिथं जहाजावर चढवावी लागते. साध्या कंटेनरच्या दाराची उंची असते सुमारे २.२८ मीटर. ज्या गाडीत माणूस ताठ उभा राहतो ती या दारातून सहसा आत जात नाही. ती गाड्या चालवत आत चढवतात अशा जहाजात, किल्ली परक्याच्या हाती देऊन पाठवावी लागते आणि आतल्या संसाराचं काय होईल याची धाकधूक मालकाला समुद्रभर सोबत करते. ज्या गाडीत वाकून वावरावं लागतं ती निमूट कंटेनरमध्ये शिरते, दाराला सील लागतं, आणि पलीकडच्या किनाऱ्यावर भांडी होती तशी निघतात.

फोक्सवॅगनच्या व्हॅनवर या पेचातून एक वाट सापडली : वर उचलायचं छप्पर. या गाडीचा जन्मच एका वहीच्या पानावर झालेला. बेन पोन या डच व्यापाऱ्यानं २३ एप्रिल १९४७ रोजी आपल्या वहीत एक ओबडधोबड पेटी काढली, चालक अगदी पुढं, इंजिन मागच्या चाकांवर, मध्ये सगळी मोकळी जागा. १९५० मध्ये ती कारखान्यातून बाहेर पडली आणि पुढच्याच वर्षी वेस्टफालिया या कंपनीनं तिच्यात झोपण्या-रांधण्याचं सामान बसवायला सुरुवात केली. ब्राझीलमध्ये हीच गाडी २०१३ च्या अखेरपर्यंत बनत राहिली. तिथल्या नव्या नियमांनी एअरबॅग आणि एबीएस ब्रेक सक्तीचे केले तेव्हा कुठं ती थांबली. साठ-पासष्ट वर्षं एका पेटीत माणसांनी वाकून संसार केले, आणि रात्री छप्पर उचलून पाठ सरळ केली.

इथं मराठी मनात सहज एक विचार येतो. आपल्याकडच्या जुन्या घरांत स्वयंपाक बसूनच होत असे. चूल जमिनीवर, पाटावर बसलेली बाई, उजव्या हाताला मिसळणाचा डबा, डावीकडं परात. उभ्यानं रांधायचा ओटा घराघरांत आला त्याला फार पिढ्या झाल्या नाहीत. बसून रांधणाऱ्या, जमिनीवर पंगत मांडणाऱ्या, सतरंजी अंथरून निजणाऱ्या माणसाला छताची उंची कितीशी लागते? दिवसभर त्याचं घर कमरेच्या खाली असतं. घरगाडीच्या उंचीचा सगळा वाद हा खुर्ची-टेबलावर वाढलेल्या जगाचा वाद आहे. आजीच्या मापानं गाडी बघितली असती तर बुटकी गाडीही ऐसपैस निघाली असती.

चाकांवरचं घर निवडण्याची ही विवंचना मोटारींपेक्षा जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून इंग्लंडमधले रोमानी लोक घोड्यानं ओढायच्या लाकडी घरगाड्यांत राहू लागले. या गाडीला ते वार्डो म्हणत. तिचेही प्रकार होते आणि निवड करताना तेच प्रश्न होते. रेडिंग धाटणीच्या गाडीची चाकं मोठी आणि अंगाबाहेर असत, त्यामुळं ओढे-नाले ओलांडता येत, शेतात उतरता येई, पण आतली जागा चाकांच्या मधल्या रुंदीत बसवावी लागे. बर्टन धाटणीची चाकं लहान आणि गाडीच्या पोटाखाली. खोली रुंद मिळे, मात्र गाडी चांगला रस्ता सोडून कुठं जाऊ शकत नसे. म्हणून जत्रेतले खेळवाले ती घेत. मोठी खोली की ओढ्यापलीकडचं कुरण, हा प्रश्न दीडशे वर्षांपूर्वी घोड्याच्या मालकानंही सोडवलेला होता.

त्या गाड्यांतली सर्वांत सुंदर गोष्ट म्हणजे शेगडीची जागा. पुढच्या दारातून आत शिरलं की शेगडी डाव्या हाताला असे. म्हणजे गाडी चालत असताना धुराडं उजवीकडं, रस्त्याच्या मध्याच्या बाजूला येई. इंग्लंडमध्ये वाहनं डावीकडून चालतात. डावीकडं कडेच्या झाडांच्या फांद्या खाली झुकलेल्या. धुराडं त्या बाजूला असतं तर पहिल्याच वळणावर फांदीनं उपटून नेलं असतं. घराच्या आतली चूल कुठं मांडायची हे बाहेरच्या रस्त्याच्या झाडांनी ठरवलं. वास्तुशास्त्रातला आग्नेय कोपरा जसा उजेड-वाऱ्याकडं बघून आला असेल, तसाच हा कोपरा वर्षानुवर्षं रस्त्याच्या कडेनं चालून आलेला.

वजनाचं भान मात्र मोटारीच्या काळात नव्यानं शिकावं लागतं. घरात वस्तूंना वजन नसतं. जातं अडगळीत पडलेलं असलं तरी घर खचत नाही. गाडीत प्रत्येक वस्तू रोज उचलून पुढच्या गावाला न्यायची असते. युरोपात साध्या परवान्यावर ३,५०० किलोपर्यंतची गाडी चालवता येते, आणि व्हॅनला फळ्या, पलंग, बॅटऱ्या, गॅस चढवला की त्यातलं फार थोडं उरतं. मग पाण्याकडं नजर जाते. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. दोन माणसांनी काटकसरीनं वापरलं तर ते चार-पाच दिवस पुरतं. डोक्यावर हंडा आणि कमरेवर कळशी घेऊन विहिरीवरून आलेल्या बाईला हे गणित कुणी शिकवावं लागत नाही. गाडीत राहायला लागलेला शहरी माणूस मात्र पहिल्यांदाच तोंड धुताना पाण्याचं वजन मनगटात जोखतो. पहिल्या वर्षात पुस्तकं जातात, जाडजूड तवा जातो, जास्तीच्या खुर्च्या जातात. काय ठेवलं यावरून त्या माणसाची खरी ओळख होते.

गाडीतून जगभर फिरलेल्या गुंथर होल्टॉर्फ यांनी काय ठेवलं होतं? मागची आसनं काढून तिथं फळी टाकलेली, फळीवर गादी, फळीखाली पेट्यांत सुटे भाग, हत्यारं आणि शिधा. त्यांची गाडी मर्सिडीजची ३०० जीडी, डिझेलवर चालणारी, ८८ अश्वशक्तीची. तिचं नाव त्यांनी ओटो ठेवलं होतं. होल्टॉर्फ विमान कंपनीत मोठ्या पदावर होते. जकार्ता शहराचा पहिला तपशीलवार नकाशा तयार करणारे म्हणूनही त्यांचं नाव आहे. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस ते आफ्रिकेत फिरायला म्हणून निघाले, आणि २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये बर्लिनच्या ब्रांडेनबुर्ग वेशीपाशी पोचले तेव्हा ओटोनं सुमारे नऊ लाख किलोमीटर आणि दोनशेहून अधिक देश-प्रदेश पार केले होते. वाटेचा मोठा भाग पत्नी क्रिस्टीने सोबत होत्या. २०१० मध्ये त्या गेल्या. होल्टॉर्फ एकटे पुढं जात राहिले.

ओटोत ताठ उभं राहता येत नव्हतं. वातानुकूलन नव्हतं. नऊ लाख किलोमीटर म्हणजे पृथ्वीला बावीसहून अधिक प्रदक्षिणा, आणि त्यातल्या बहुतेक रात्री त्या दोघांनी सहा फुटी फळीवर काढल्या. इतक्या पैशांत आणि इतक्या ओळखींत त्यांना मोठी गाडी मिळाली नसती असं नाही. पण होल्टॉर्फ गाडीची देखभाल बव्हंशी स्वतः करत. कुठला नट किती आवळायचा, कुठला आवाज रोजचा आणि कुठला नवा, हे त्यांच्या हाताला आणि कानाला ठाऊक होतं. एखादा भाग मोडण्याची वाट न बघता त्याची मुदत भरत आली की ते तो बदलून टाकत. दुभत्या म्हशीच्या अंगावरून हात फिरवून तिचं दुखणं ओळखणारा गुराखी असतो, तशी ही ओळख. इथं गाडीच्या निवडीचा एक वेगळाच निकष दिसू लागतो, आणि तो फरशीवरच्या आयतात मावत नाही. गाडी बंद पडेल त्या जागी ती कुणाला समजेल?

हा निकष अगदी टोकाला नेणारं एक कुटुंब अर्जेंटिनातलं आहे. हेर्मान आणि कांदेलारिया झाप हे जोडपं २५ जानेवारी २००० रोजी ब्युनोस आयर्सच्या स्तंभापासून अलास्काला जायला निघालं. सहा महिन्यांचा बेत होता. गाडी होती १९२८ सालची ग्रॅहम-पेज. निघाले तेव्हाच ती बहात्तर वर्षांची होती. ताशी चाळीस-पन्नास किलोमीटर हा तिचा सुखाचा वेग. सहा महिन्यांची बावीस वर्षं झाली. चार मुलं प्रवासातच जन्मली, एक अमेरिकेत, एक अर्जेंटिनात, एक कॅनडात, एक ऑस्ट्रेलियात. १३ मार्च २०२२ रोजी ते त्याच स्तंभापाशी परत आले तेव्हा १०२ देश आणि ३,६२,००० किलोमीटर झाले होते. मुलं वाढली तशी जागा पुरेना, म्हणून मधल्या काळात त्यांनी गाडीचं अंग कापून तिला लांब करून घेतलं. आपल्याकडं घराला मागं एक पडवी काढतात, तसं.

या गाडीच्या चाकांचे आरे लाकडी आहेत. ही गोष्ट वाचताना मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढं बैलगाडीचं चाक न येईल तर नवल. मध्ये तुंबा, त्यात बसवलेले आरे, भोवती लाकडाचं कडं, आणि त्या कड्याला आवळणारी लोखंडी पट्टी, जिला धाव म्हणतात. उन्हाळ्यात लाकूड वाळतं, आरे खुळखुळू लागतात, धाव सैल होते. मग चाक रात्रभर पाण्यात टाकून ठेवायचं, किंवा लोहाराकडं नेऊन धाव नव्यानं चढवायची. गोवऱ्यांच्या विस्तवात धाव लालबुंद करतात, सांडशीनं धरून चाकावर बसवतात आणि वरून पाणी ओततात. वाफेचा लोट उठतो, लोखंड आकसतं आणि सगळे सांधे कडकड आवाज करत एकमेकांत घट्ट रुततात. त्या एका पट्टीवर पुढचा सगळा प्रवास. म्हणूनच बहुधा तिला पळण्याचंच नाव मिळालं. जगात जिथं जिथं सुतार आहे आणि लोहार आहे, तिथं तिथं १९२८ सालची गाडी दुरुस्त होऊ शकते.

आजच्या गाड्यांचं तसं राहिलं नाही. नव्या डिझेल इंजिनाला गंधक जवळजवळ नसलेलं इंधन लागतं, धूर धुण्यासाठी वेगळं द्रावण लागतं, आणि एखादा संवेदक बिघडला की इंजिन धडधाकट असूनही गाडी स्वतःला आखडून घेते आणि बैलाच्या चालीनं चालू लागते. हवा स्वच्छ राहावी म्हणून हे सगळं आलं आणि ते यायलाच हवं होतं. भारतातही एप्रिल २०२० पासून धुराचे बीएस-६ निकष लागू झाले. पण ज्याला वाळवंटापलीकडच्या गावात इंधन भरायचं आहे, त्याच्यापुढं प्रश्न उरतोच. म्हणून युरोपातले दूर पल्ल्याचे फिरस्ते जुन्या मर्सिडीज व्हॅन शोधत फिरतात. १९७७ मध्ये आलेली, ब्रेमेन शहरातल्या कारखान्यामुळं ब्रेमर म्हणून ओळखली गेलेली टी-१ ही त्यांची लाडकी. तिचं इंजिन मंद, पण समजूतदार.

आणि या ब्रेमरची एक नातलग महाराष्ट्राला चांगली ओळखीची आहे. १९५८ मध्ये उद्योजक फिरोदिया यांच्या पुढाकारानं हॅम्बुर्गच्या टेम्पो कंपनीशी करार होऊन बजाज टेम्पो सुरू झाली. आधी तीनचाकी, मग मॅटाडोर. जर्मनीतली ती कंपनी पुढं नावासकट पुसली गेली, पण तिचं नाव मराठीत सामान्यनाम होऊन बसलं. घर बदलायचं म्हटलं की आजही माणूस टेम्पो सांगतो, मग ती गाडी कुठल्याही कंपनीची असो. १९८७ च्या सुमारास याच कंपनीनं मर्सिडीजच्या टी-१ वरून ट्रॅव्हलर काढली. अष्टविनायकाला, लग्नाच्या वऱ्हाडाला, शाळेच्या सहलीला जी गाडी ठरवली जाते ती ही. जर्मन जोडपं ज्या गाडीत सहारा ओलांडायला निघतं, तिच्या चुलत बहिणीत बसून इकडं पिढ्यान् पिढ्यांनी पाली-महडच्या वाटेवर भेळ खाल्ली आहे. तिचे सुटे भाग तालुक्याच्या गावात मिळतात, आणि बॉनेट उघडून आत वाकणारा मिस्त्री कुठल्याही नाक्यावर भेटतो. भारतात घरगाडी करू पाहणाऱ्यांची नजर ट्रॅव्हलरवर जाते त्यात नवल नाही. मात्र गाडीच्या मूळ रचनेत मालकाला परस्पर बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केलं. त्यामुळं खिडकी कापण्याआधी आरटीओचा उंबरा झिजवावा लागतो.

आतापर्यंतची सगळी माणसं निवडणारी होती. पुढ्यात दोन-चार गाड्या, हातात टेप, मनात वेळ. पण चाकांवर राहणाऱ्यांत पुष्कळांना असा आयत आखायला सवड मिळालेली नसते. अमेरिकेत नेवाडा राज्यात एम्पायर नावाचं गाव होतं, जिप्समच्या कारखान्याभोवती वसलेलं. २०११ मध्ये कारखाना बंद झाला, घरं कंपनीची होती ती गेली आणि काही महिन्यांत गावाचा पिनकोडसुद्धा रद्द झाला. क्लोई झाओ यांचा ‘नोमॅडलँड’ हा चित्रपट तिथून सुरू होतो. त्यामागं जेसिका ब्रूडर यांचं २०१७ चं पुस्तक आहे, मंदीत घर आणि पुंजी गमावलेल्या साठी-सत्तरीच्या माणसांचं. त्यांनी जी मिळाली ती गाडी घेतली. कुणी जुनी मालवाहू व्हॅन, कुणी फायबरची इवलीशी टपरी मागं जोडून. हिवाळ्यात ती अ‍ॅरिझोनातल्या क्वार्ट्झसाइटच्या वाळवंटात जमतात. सरकारी मोकळ्या जमिनीवर एरवी चौदा दिवसांच्या वर मुक्काम करता येत नाही, इथल्या खास पट्ट्यात परवाना काढून १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल राहता येतं. कुणी शाळेची जुनी बस घेतं, कारण तिचा सांगाडा मजबूत आणि किंमत परवडणारी. पण अमेरिकी शाळेच्या बसचा तो पिवळा रंग १९३९ साली कोलंबिया विद्यापीठातल्या एका परिषदेत मुलांच्या सुरक्षिततेसाठी ठरवलेला. बसमध्ये राहायला जाणाऱ्याला बऱ्याच राज्यांत आधी तो रंग पुसावा लागतो. हातात ब्रश घेऊन म्हातारपणी आपल्या घराचा रंग पुसत उभी असलेली ही माणसं डोळ्यांपुढून हलत नाहीत.

महाराष्ट्रात हे दृश्य बघायला वाळवंटात जावं लागत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडकडून पश्चिमेकडं जाणाऱ्या रस्त्यांवर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या दिसू लागतात. भांडी, पेंढा, कोपीचे बांबू, शेळ्या, करडं, आणि त्या सगळ्यावर बसलेली लेकरं. ऊसतोड कामगारांनी गाडी निवडलेली नसते. उचल कुणाकडून घेतली आणि मुकादमानं कुठल्या कारखान्याशी ठरवलं, यावर ट्रॉली की बैलांची टायरगाडी ते ठरतं, आणि बैलगाडीवाल्यांची ती टायरगाडीही पुष्कळदा कारखान्याची असते. उसाच्या फडाशेजारी कोपी उभी राहते, सहा महिने तेच घर. पहाटेच्या अंधारात ट्रॉलीवर उसाच्या मोळ्यांच्या उंच ढिगावर फाटकं पांघरूण घेऊन निजलेलं पोर ज्यानं पाहिलं आहे, त्याला फिरत्या आयुष्याबद्दल हुरळून बोलणं जमत नाही. रस्ता तोच असतो. कुणी त्यावर स्वप्नासाठी उतरलेलं असतं, कुणी भाकरीसाठी, आणि बाजूनं जाणाऱ्या मोटारीतून दोघंही सारखेच दिसतात, हे फार बोचतं.

गाडीतच जन्मून गाडीतच म्हातारे होणारे लोक भारतात शतकांपासून आहेत. राजस्थानचे गाडोलिया लोहार सांगतात, की १५६८ मध्ये चितोड अकबराच्या हाती पडला तेव्हा त्यांच्या पूर्वजांनी शपथ घेतली : गड परत मिळेपर्यंत घर बांधायचं नाही, खाटेवर निजायचं नाही, रात्री दिवा लावायचा नाही, विहिरीतून पाणी ओढायला दोर बाळगायचा नाही. त्यांच्या नक्षीदार बैलगाडीवर खाट दिसते ती उलटी टाकलेली. ६ एप्रिल १९५५ रोजी पंडित नेहरूंनी त्यांना सोबत घेऊन चितोडगडात नेलं, शपथ फिटली असं जाहीर झालं. पुष्कळजण त्यानंतरही गाडीवरच राहिले.

त्यांच्या गाडीत कुणी ताठ उभं राहत नाही. आत फारसं कुणी राहतही नाही. गाडीत भांडी, कपडे, धान्य, लहान मूल. चूल खाली, भाता खाली, निजणं गाडीच्या सावलीला. संसार गाडीभोवती मांडलेला असतो, गाडी त्याचं कपाट. आणि कपाटाचं लोखंड दुरुस्त करणारा लोहार त्या कपाटाचाच मालक. धाव सैल झाली तर त्याला कुणाची वाट बघायची नसते. होल्टॉर्फ जे पेट्यांत भरून सोबत नेत होते, ते या माणसाच्या हातात जन्मापासून आहे.

महाराष्ट्रात हेच काम घिसाडी करतात. आठवडी बाजाराच्या गावी, एसटी स्टँडच्या मागं किंवा ओढ्याकाठी त्यांचं बिऱ्हाड उतरतं. खुरपं शेवटायचं असतं, कुऱ्हाडीला पाणी द्यायचं असतं, विळा-कोयता नवा करून हवा असतो. जाणता शेतकरी कोयत्यासाठी बाजारातलं तयार लोखंड घेत नाही. तो ट्रकचा तुटलेला पाटा घेऊन येतो, स्प्रिंगच्या कमानीतला. लाखो किलोमीटर खड्ड्यांचे दणके खाऊन लवचीक राहिलेलं ते पोलाद असतं, त्याची धार टिकते. घिसाडी पाटा हातात घेऊन वाजवून बघतो, उलटापालटा करतो, कुठून तोडायचा ते कोळशानं आखतो आणि भट्टीत सरकवतो. भाता फुलतो. पाटा आधी तांबूस, मग केशरी होतो. ऐरणीवर आला की समोर उभी असलेली त्याची बायको पदर कमरेला खोचून घण उचलते. तो सांडशीनं पाटा फिरवत राहतो, ती घाव घालत राहते, आणि एका घावामागून दुसरा पडायच्या मधल्या क्षणात मागं सोडलेल्या बैलांच्या घंटा ऐकू येतात.